चिलापीला गळ लावताना

बंधाऱ्यावर मरळीसाठी बेडूक लावून बसलेला माणूस जाता जाता तुमच्या बादलीत डोकावतो, "चिलापीच व्हय?" म्हणतो आणि पुढं जातो. बाजारातही तेच. चिलापीचा भाव विचारला की मावशी भाव सांगते आणि लगेच शेजारची पाटी पुढं ओढते, "रवू घ्या की, ताजा हाय." सांगलीत कृष्णेच्या काठानं वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा अपमान पाठ झालाय. तरीही तीन तास, एक कळकाची काठी आणि पोळीच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा एवढ्यावर जो मासा तुम्हाला नदी वाचायला शिकवतो, तो हाच. मरळीची वाट बघण्यात आख्खा दिवस जातो. रवूला, म्हणजे रोहूला, आणि कटल्याला भारी काठी आणि रीळ लागतं. चिलापी मात्र तुमच्या पायापाशीच असते. तिला बघायला तेवढं शिकावं लागतं.

मला गळ धरायला आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी शिकवलं. त्यांना चिलापीचं कौतुक नव्हतं. "आमच्या लहानपणी नव्हती ही नदीत," एवढंच म्हणायचे, आणि ते खरंच आहे. ही मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आणली, तीही तळ्यात पाळायला. तिथून सुटली आणि ज्या पाण्यात गेली तिथं घर धरून बसली. नावाचीही गंमत आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली तेव्हा इथलेच शब्द उचलले : मुल्या, खुद्री, नुक्ता, कोलस. चिलापीचं उलटं झालं. तिलापिया हे शास्त्रज्ञांचं नाव, तेही आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेतल्या मासा या अर्थाच्या शब्दावरून घेतलेलं. ते आपण तोंडात घोळवून चिलापी करून टाकलं.

आधी ओळख

अंग बाजूनं चपटं, तोंड लहान, पाठीवर डोक्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत एकच लांब पर आणि त्याच्या पुढच्या भागात टोकदार काटे. अंगावरची बारीक रेघ सलग नसते. पुढं वरच्या अंगानं जाते, तुटते आणि मागं खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. रोहू-कटल्यांत ही रेघ अशी तुटत नाही. आपल्याकडं मुख्यतः दोन जाती दिसतात. एकीच्या शेपटीवर उभे पट्टे असतात. दुसरीच्या शेपटीवर पट्टे नसतात, पण अंड्यांच्या दिवसांत तिचा नर कोळशासारखा काळा पडतो आणि गळ्याखाली पांढरा राहतो. गळाच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच.

या माशाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा संसार. नर उथळ पाण्यात तळाची माती तोंडानं उकरून ताटाएवढा, कधी परातीएवढा गोल खळगा करतो आणि त्याच्यावर पहारा देतो. मादी तिथं अंडी घालते, लगेच तोंडात गोळा करते आणि तिथंच उबवते. पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस धोका दिसला की परत आईच्या तोंडात शिरतात. या काळात मादी जवळजवळ काही खात नाही. म्हणून खळग्यांपाशी तुमच्या गळाला लागतो तो बहुतेक नरच, आणि तो भुकेपेक्षा रागानं चावतो.

कुठं आणि कधी बसायचं

वाहत्या पाण्यात चिलापी शोधू नका. तिला थांबलेलं, उन्हानं तापलेलं, शेवाळ धरलेलं पाणी लागतं. आपल्याकडं असं पाणी कोल्हापुरी बंधारे तयार करतात. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, वरच्या अंगाला पाणी तुंबतं, गाळ खाली बसतो आणि दिवाळीनंतर काठावरून तळ दिसायला लागतो. कसबे डिग्रज, म्हैसाळ असे बंधारे नदीवर आहेतच. पूर्वेकडं तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या बाजूला पाझर तलाव आहेत, दगडाच्या जुन्या खाणी आहेत आणि पायऱ्यांच्या विहिरीही आहेत. खाणीत आणि विहिरीत मालकाला विचारूनच. बहुतेक वेळा "न्या, न्या, लई झाल्यात" हेच उत्तर मिळतं. तलाव मात्र बरेचदा मच्छीमार संस्थेला ठेक्यानं दिलेले असतात, तेव्हा तिथल्या माणसाला भेटून परवानगी घ्यायची. एका काठीला कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता बसलेल्याला उठवतात, आणि ते बरोबरच आहे.

औदुंबरला, वाईच्या घाटांवर किंवा कुठल्याही देवाच्या पायऱ्यांवर गळ टाकायचा नाही. हे सांगायला लागू नये, पण सांगतो. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आणि कोयनेच्या अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे. सांगलीत शेरीनाला नदीला मिळतो तिथून खालच्या अंगालाही बसू नका. त्याचं कारण शेवटी येईल.

जागेवर पोचलात की काठी उघडू नका. आधी दहा मिनिटं उभं राहून पाहा. पाठीवर ऊन घ्या, म्हणजे पाण्यावरची चमक कमी होते. मात्र आपली सावली पाण्यात पडू देऊ नका. कमरेएवढ्या पाण्यात तळाला फिकट गोल डाग दिसले तर ते खळगे. बुडालेल्या दगडांवर शेवाळ खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर तिथं त्या चरतात. पाण्यावर झुकलेलं करंजाचं झाड, पंपाच्या पाइपाचा आडोसा, बुडालेली काटेरी झुडपं या त्यांच्या दुपारच्या जागा.

पाणी थंड असलं की ही आफ्रिकेची बाई रुसते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला जाऊन थंडीनं कुडकुडण्यात अर्थ नाही. अकरानंतर, ऊन पाण्यात उतरल्यावर जा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत खरा हंगाम. तेव्हा सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चार ते साडेपाच. साडेपाचनंतर का नाही, ते आता.

मगर

सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत. अफवा नव्हे. भिलवडी, औदुंबर, डिग्रजपासून खाली हरिपूरच्या संगमापर्यंत लोकांनी त्या बघितल्यात, माणसं आणि जनावरं गमावलीत. हिवाळ्यात त्या दुपारी मळीवर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या पट्टीवर, ऊन खात पडतात तेव्हा निदान दिसतात. खरी भीती संध्याकाळी आणि पहाटे, त्या पाण्यात असतात तेव्हा. उन्हाळ्यात मादी काठावर अंडी घालून राखण करते, तेव्हा ती काठावरच्या माणसालाही सोडत नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. धरलेले मासे ताजे राहावेत म्हणून मी जाळीची पिशवी दोरीनं दगडाला बांधून पाण्यात सोडायचो. सगळेच करतात. एका मार्चमध्ये आठ-नऊ चिलाप्या पिशवीत होत्या आणि मी काठावर उकिडवा, पिशवीपासून हातभर अंतरावर. दोरी एकदम ताठ झाली. मला वाटलं, पिशवी कुठं अडकली. मी दोरीला हात घालणार तेवढ्यात शेजारी म्हशी धुणारा माणूस ओरडला, "सोड! हात काढ!" दोरी तुटली. पाण्यात फक्त एक मोठं वळण उमटलं आणि विरून गेलं. मगर मी पाहिलीच नाही. त्या दिवसापासून माझे मासे बादलीत असतात आणि मी नदीवर पाण्यापासून निदान पुरुषभर उंचीवर बसतो : बंधाऱ्याच्या भिंतीवर, घाटाच्या वरच्या पायरीवर, खडकावर.

म्हणून नियम असे. नदीवर पाण्यात पाय घालून बसायचं नाही. गळ अडकला तर आत उतरायचं नाही, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोडून टाकायचा. दोन रुपयांचा गळ तो. हात आणि मासे काठावर धुवायचे नाहीत, आतडी पाण्यात फेकायची नाहीत. रोज त्याच जागी, त्याच वेळी बसायचं नाही. सूर्य बुडायच्या आधी सामान आवरायचं. आणि लहान पोरांना घेऊन जायचं असेल तर नदी नको, खाण किंवा तलाव बरा. तिथंही पोर हाताशीच हवं.

सामान

काठी दहा-बारा फुटांची, शेंड्याला बारीक होत गेलेला कळक. ओला तोडलेला नको. सावलीत महिनाभर वाळवलेला, गाठी तासून गुळगुळीत केलेला. बाजारात एकात एक सरकणाऱ्या फायबरच्या काठ्या मिळतात, त्याही चालतात. रीळ नको. चिलापी काठापासून काठीच्या लांबीच्या आतच असते, आणि रीळ नसलं की तुम्ही दूर फेकायचा मोह सोडून जवळचं पाणी बघता.

तंगूस ०.२० ते ०.२५ मिमी जाडीचा, लांबी काठीएवढी किंवा हातभर कमी. दुकानदार जाडच देईल, "तुटत न्हाय" म्हणून. पण जाड तंगसावर चिलापी खाद्य तोंडात घेऊन थुंकते आणि तुम्हाला कळतही नाही. गळ आठ ते दहा नंबरचा. लक्षात ठेवा, नंबर वाढला की गळ लहान होतो. तिचं तोंड लहान, म्हणून गळही लहान. बांधायची रीत सोपी. टोक गळाच्या डोळ्यातून ओवा, मुख्य दोऱ्याभोवती सहा वेढे द्या, तेच टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढा, थुंकीनं ओलं करा आणि सावकाश आवळा. कोरडी आवळली तर गाठ घासून कमजोर होते आणि नेमकी मोठ्या माशाला तुटते. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पकडीनं चेपून टाका. मासा थोडा जास्त सुटतो, पण गळ बोटात घुसला तर दवाखान्याशिवाय निघतो.

तरंगतं बूच विकत घेऊ नका. वाळल्या ज्वारीच्या ताटाच्या शेंड्याकडचा करंगळीएवढा तुकडा घ्या, वरची चकचकीत साल ठेवा आणि दोन्ही टोकं मेणबत्तीच्या मेणात बुडवा, म्हणजे आतला भेंडासारखा भाग पाणी पीत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या दोन रिंगा कापून तुकड्यावर चढवा आणि त्यांतून तंगूस ओवा. आता बूच वरखाली सरकवता येतं. वरच्या टोकाला बायकोच्या, आईच्या किंवा मुलीच्या नेलपेंटचा लाल ठिपका द्या, विचारून. शिशाचे बारीक तुकडे गळापासून वीतभर वर दातानं नव्हे, पकडीनं चेपून लावा. शिसं विषारी असतं. तुकडे इतके लावायचे की बुचाचा फक्त नखाएवढा भाग पाण्यावर राहील. नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथंच होते. बूच अर्धं पाण्यावर उभं असतं, माशाला ओढताना जड लागतं आणि तो सोडून देतो.

खाद्य

गांडूळ चालतं, त्यातही बारीक लाल, शेणाच्या उकिरड्यातलं. पण गांडुळाला शिंगटा, वाम सगळेच येतात. चिलापीच हवी असेल तर कणीक. वाटीभर गव्हाची कणीक आणि अर्धी वाटी बारीक कुटून चाळलेली शेंगदाणा पेंड घ्या. ती चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची. मळताना देवाच्या वातीचा थोडा कापूस पिंजून मिसळला की गोळा गळावर टिकून राहतो, बारकी मासळी तो कुरतडून नेत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा. आमच्या घरी त्यात चिमूटभर हळद पडते. सांगलीचा माणूस हळदीशिवाय काही मळू शकत नाही, माशाला तिचा उपयोग होतो असा माझा दावा नाही. गळावर गोळा हरभऱ्याच्या दाण्याएवढा लावायचा, आणि टोक नुसतं झाकलं जाईल इतकाच.

शिवाय मूठभर पेंड वेगळी भिजवून न्या. बसल्यावर लिंबाएवढे दोन गोळे नेमक्या जागी टाका, नंतर दर वीस मिनिटांनी सुपारीएवढा एक. जास्त टाकलं तर त्या तुमचं खाऊन तृप्त होतात आणि गळाकडं बघत नाहीत.

खोली आणि बुचाची भाषा

आधी खोली मोजा. गळात शिशाचा जड तुकडा अडकवून पाण्यात सोडा. बूच बुडालं तर ते वर सरकवा, आडवं पडलं तर खाली. नीट उभं राहिलं की तळ सापडला. आता तो जड तुकडा काढा आणि बूच चार बोटं खाली घ्या, म्हणजे खाद्य तळापासून चार बोटं वर तरंगेल. दुपारी ऊन चढलं आणि काही लागेना की खाद्य आणखी फूटभर वर घेऊन पाहा. झाडाच्या सावलीत त्या मधल्या पाण्यात उभ्या असतात.

मग बसायचं. हालचाल कमी. बोललेलं चालतं, पण पायानं खडा ढकललेला चालत नाही. काठावरची धमक पाण्यात पोचते.

चिलापी बूच खसकन बुडवत नाही. ते काम मरळीचं. चिलापीचं बूच आधी शहारतं, जणू खालून कोणी फुंकर घातली. हात हलवू नका. मग ते एक-दोनदा टिचकी मारल्यासारखं उसळतं. तरीही थांबा. मग दोनांपैकी एक होतं : एक तर बूच तिरकं होऊन बाजूला चालू लागतं, नाहीतर वर येऊन आडवं पडतं, कारण माशानं खाद्य उचलून शिशाचा भार घेतलाय. हा क्षण. मनगटानं वीतभर, बाजूला, हलकेच झटका. हात डोक्यावर नेऊन काठी उपटायची नाही. त्यानं मासा नव्हे, रिकामा गळ तुमच्या मागच्या करंजात जाऊन बसतो. आबा म्हणायचे, दार उघडं आहे का बघायला कडी ओढतोस, तसं ओढ. तीस वर्षांत याहून नेमकं मला सांगता आलेलं नाही.

लागली की ती चपटं अंग पाण्याला आडवं लावते आणि गोल फिरते. पाव किलोची असली तरी कळक वाकतो आणि तळहातात धडधड येते. घाई नको. काठी तिरकी धरून तिला खळग्यांपासून, काट्यांपासून दूर न्या आणि दमू द्या. एका जागी दोन-तीन लागून मग शांतता झाली तर दहा पावलं सरका. राहिलेल्या शहाण्या झालेल्या असतात.

हातात घेताना पाठीचे काटे विसरू नका. ओल्या फडक्यानं धरा आणि हात डोक्याकडून शेपटीकडं न्या, म्हणजे काटे आडवे झोपतात. उलट धरलंत तर तळहातात रुततात आणि दोन दिवस ठणकतात.

काय ठेवायचं, काय सोडायचं

इतर माशांबाबत मी म्हणतो, लहान सोडा. चिलापीबाबत नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत तिच्यातली एक जात आहे, आणि आपल्या गावठी माशांची जागा ती खाते. धरली की ठेवा, खा, शेजाऱ्याला द्या, नाहीतर कोंबड्यांना घाला. उलट गळाला एखादा गावठी खवल्या, कोळशी किंवा शिंगट्याचं पिल्लू आलं तर हात ओला करून लगेच पाण्यात सोडा. आणि एक हात जोडून सांगणं : जिवंत चिलापी बादलीतून नेऊन आपल्या विहिरीत, शेततळ्यात "वाढू दे" म्हणून सोडू नका. ती वाढत नाही, वाढतात ती पिल्लं. वर्षभरात तळं बोटभर चिलाप्यांनी भरतं आणि एकही खाण्याजोगी होत नाही.

ठेवायची ती लगेच मारा. डोळ्यांच्या मागं डोक्यावर लाकडाचा एक घाव घालायचा, मग कल्ले कापून रक्त काढायचं. बादलीत तडफडून मेलेल्या माशाचं मांस मऊ पडतं. उन्हाळ्यात बादलीत बर्फाची पिशवी हवीच.

आता शेरीनाल्याचं कारण. चिलापी कमी प्राणवायूच्या, घाण पाण्यातही तग धरते, म्हणून ती जिवंत आहे म्हणजे पाणी चांगलं असं समजू नका. सांडपाणी मिळतं तिथली खाऊ नये. उन्हाळ्यात कधी नदीला साखर कारखान्याच्या मळीचं पाणी सुटतं. तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं होतं, आंबूस वास येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. लोक पोती भरून नेतात. तुम्ही नेऊ नका.

घरी

खवले राख लावून शेपटीकडून डोक्याकडं काढा. पोट फाडलं की आत काळी पातळ साल दिसते, ती मिठानं चोळून पूर्ण काढा. चिलापी मातकट लागते म्हणणारे बहुतेक ही साल ठेवतात. उरलेला मातकटपणा तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळं अंगात मुरलेला असतो, त्याला आंबट लागतं : चिंचेचा कोळ नाहीतर लिंबू, मीठ आणि हळद लावून अर्धा तास. मग घरची कांदा-लसूण चटणी चोळा, ज्वारीच्या पिठात घोळवा आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. तुकडे करू नका, तळहाताएवढी असेल तर अख्खीच, अंगाला तीन तिरक्या चिरा देऊन. मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी मांस सबंध सुटून येतं. रोहूसारखे बारीक काटे त्यात नसतात, म्हणून आमच्या घरी पोरांच्या ताटात आधी चिलापी पडते आणि रवू मोठ्यांना.